देवबाग-तारकर्ली: रापणीपासून होमस्टेपर्यंत

पुळणकर: देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीची, जागा पर्यटनाने कशी घेतली? 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, एवढंच कारण सांगतात. ते पुरेसं वाटत नाही.

खारावारा: पुरेसं नाहीच. रापण आधीच खिळखिळी झाली होती. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोल मारते, दुसरा दोर पलीकडे उतरवते आणि पन्नासेक माणसं दोन्ही बाजूंनी ओढतात. मिळेल ती मासळी वाट्यांनी वाटली जाते. म्हणजे मासा स्वतःहून काठाजवळ यायला हवा. आधी जाळं ओढत फिरणारे यांत्रिक ट्रॉलर आले, मग पर्ससीन, म्हणजे थव्याला गोल वेढा घालून तळ आवळणारं मोठं जाळं. तारली-बांगड्याचा थवा बाहेरच घेरला जाऊ लागला. 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, पण बांगड्याचा मुख्य हंगामही साधारण तोच! वाटा घटला की ओढायला माणसं मिळत नाहीत, आणि माणसांशिवाय रापण लागतच नाही. त्यात 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली नि पाहुण्यांचा ओघ वाढला.

माडाखाली: जमिनीचंही बघा. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. धूप थांबवायला दगडी बंधारा घालतात, पण लाट त्यावर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पाया खोल नसेल, दगडांखाली गाळणीचा थर नसेल, तर दगड खचतात. बंधारा संपतो तिथे पुढच्या वाडीची धूप वाढते, हे तर हमखास. शिवाय दगड पडले तिथे रापण ओढता येत नाही.

विहिरींचं मला जास्त भय वाटतं. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. मे महिन्यात खोल्या भरलेल्या असताना मोठा पंप सलग चालवला की खालचं खारं पाणी वर चढतं. लहान पंप, थांबून थांबून उपसा आणि संडासाची टाकी विहिरीपासून शक्य तितकी लांब, एवढं तरी पाळाच.

पुळणकर: मग जुन्या घरात होमस्टे करता येतो?

खारावारा: 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत स्थानिकांना मुभा आहे, पण जोत्याचं क्षेत्र, घराचा आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता. जोतं वाढवून मागे चार खोल्या काढल्यात, तर त्या या मुभेत बसत नाहीत. काम काढण्याआधी घराचा उतारा आणि किनारा व्यवस्थापन नकाशा ताडून बघा.