‘दाउ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे, ‘तू’

जुन्या इंग्रजीतलं ‘दाउ’ (thou) हे सर्वनाम प्रार्थनेत येतं, म्हणून ते आदरार्थी असणार, असं काहींना वाटतं. खरं तर उलट आहे. ‘दाउ’ म्हणजे आपलं साधं ‘तू’. नाशकात काळारामापुढे हात जोडणारा माणूस रामाला ‘तू’च म्हणतो ना, तीच जवळीक. माणसांत मात्र ते झोंबायचंही. १६०३ साली इंग्लंडमध्ये वॉल्टर रॅले या दरबाऱ्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला मुद्दाम ‘दाउ’ म्हटलं, ते पाणउतारा करायलाच.

‘यू’ मुळात अनेकवचनी, तेही फक्त कर्माच्या जागी; कर्त्याच्या जागी ‘यी’ (ye) यायचं. १३व्या शतकापासून फ्रेंचच्या प्रभावाने एकट्या माणसालाही मानाने ‘यू’ म्हणू लागले. म्हणजे आदरार्थी खरं तर ‘यू’! एकाशी बोलतानाही क्रियापद ‘आर’ येतं, ते या मूळ अनेकवचनामुळे.

नाटिकेसाठी जुने संवाद लिहिताना हमखास चुकतं ते असं: सगळीकडे ‘दाउ’ घालतात. कर्ता असेल तरच ‘दाउ’, कर्म असेल तर ‘दी’. म्हणून ‘आय लव्ह दाउ’ चूक, ‘आय लव्ह दी’ बरोबर. ‘तुझा’साठी ‘दाय’, पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर बहुधा ‘दाइन’: ‘दाय हँड’, पण ‘दाइन आइज’. क्रियापदही बदलायला हवं: ‘दाउ आर्ट’, ‘दाउ हॅस्ट’. ‘दाउ आर’ कानाला लगेच खटकतं.

आजच्या ‘यू’चं वचन ‘युअरसेल्फ’ आणि ‘युअरसेल्व्ज’मध्ये तेवढं उघड होतं. अनुवादात ‘तू’ की ‘तुम्ही’, हे मात्र पात्रांच्या नात्यावरूनच ठरवा.