मदत हवी आहे: एकाच पीसीवर विंडोज आन आरटी लिनक्स, सर्वो मधेच फॉल्टला जातोय

वाळूजकर: अर्जंट आहे. एका इंडस्ट्रियल पीसीवर दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, एकाच पीसीत दोन वेगळे पीसी असल्यासारखं) टाकलेत, एकात विंडोज म्हणजे ऑपरेटरची स्क्रीन, दुसऱ्यात आरटी म्हणजे रिअल-टाइम लिनक्स (ठरल्या वेळेत काम उरकणारं), ते इथरकॅटवरून (मशीनचं कंट्रोल नेटवर्क) सर्वो मोटर चालवतं, सायकल 1 मिलिसेकंद, म्हणजे दर मिलिसेकंदाला कमांड गेलीच पाहिजे. एरवी मस्त चालतं पण ऑपरेटरनं ग्राफ उघडला की ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) फॉल्ट. कोअर पिन केलेत, म्हणजे प्रत्येक व्हीएमला प्रोसेसरचे कोअर ठरवून दिलेत. उद्या ट्रायल आहे, लवकर सांगा.

लातूरचा गडी: हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता? हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड करणं) चालू का बंद? नेटवर्क कार्ड कसं दिलंय? निस्तं 'फॉल्ट येऊलालाय' म्हणल्यावर काय सांगावं.

जुना पीएलसीवाला: असले उद्योग करताच कशाला? वेगळा पीएलसी (मशीन चालवणारा स्वतंत्र कंट्रोलर) लावा. आमच्या चिकलठाण्यातल्या लाइनवर विंडोज लटकलं तरी मशीन चालूच राहते.

वाळूजकर: काका, कोटेशन एकाच पीसीचं गेलंय, पॅनेलमधी जागा पण नाही. हायपरव्हायझर केव्हीएम आहे, हायपरथ्रेडिंग चालू. सायक्लिकटेस्टला (किती उशीर होतो ते मोजायची टेस्ट) एरवी 40 मायक्रोसेकंद, ग्राफ उघडला की 1400, म्हणजे सायकलपेक्षा जास्त.

परभणीकर: जेलहाऊस टाका, तो पण हायपरव्हायझरच, सीमेन्सनं 2013 ला ओपन सोर्स केलंय. शेड्यूलिंगची भानगडच नाही, कोअर सरळ वाटून देतं.

लातूरचा गडी: आन त्यात विंडोज कसं चालवणार ते पण सांगा की. त्यापेक्षा आरटीला व्हीएममधी कोंडूच नका, होस्टवरच (खालच्या मूळ लिनक्सवर) चालवा, विंडोज तेवढं व्हीएममधी. लिनक्सला रिअल-टाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी 2024 ला 6.12 व्हर्जनपासून मेन कर्नलमधीच आलंय.

परभणीकर: आन होस्टच पॅनिक झाला, म्हणजे कोसळला तर?

लातूरचा गडी: तर तुमची व्हीएम काय हवेत तरंगणार का?



लातूरचा गडी: वाळूजकर, कार्डाचं अजून सांगितलंच नाही.

वाळूजकर: ब्रिज आहे, म्हणजे कार्ड होस्टकडं अन् व्हीएम त्याच्यामार्फत, सगळे तसंच करतात ना.

लातूरचा गडी: इथरकॅटला नाही करत. प्रत्येक फ्रेम होस्टच्या हातून जाऊलाली, त्याला सवड मिळल तवा पुढं जाणार. व्हीटी-डी (बायोसमधली सेटिंग) चालू करून कार्ड पासथ्रू, म्हणजे थेट आरटीच्या व्हीएमला द्या. पण 1400 चं कारण वेगळं दिसतंय, एकाच कोअरचे दोन थ्रेड, एक आरटीला अन् एक विंडोजला गेलाय का बघा. क्यूएमयूचे (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारा प्रोग्राम) एम्युलेटर थ्रेड पण आरटीच्या कोअरवरून हलवा, बायोसमधी सी-स्टेट (कोअरची झोप) बंद करा. तरीबी उसळी आली तर होस्टवर हार्डवेअर लेटन्सी डिटेक्टर चालवा, एसएमआय (बायोस मधेच सीपीयू अडवतं ते) असल तर तिथं दिसल.

वाळूजकर: थ्रेड वाटलेलेच होते, पिन करणाऱ्यानं तसंच ठेवलेलं. हायपरथ्रेडिंग बंद केल्यावर 1400 चे 90 वर आले. पण कार्ड आरटीला दिल्यावर विंडोजला नेट कुठून द्यायचं?

लातूरचा गडी: दुसरा पोर्ट असल ना पीसीला? विंडोजला त्यावर ब्रिज राहू द्या, त्याला कुठं घाई आहे.

जुना पीएलसीवाला: पीएलसी.