विषय: ब्रॅकनेल ते रेडिंग (इंग्लंड), पहिली दुचाकी

प्रेषक: अनघा, ब्रॅकनेल

सर्वांना सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून माझी ड्यूटी सकाळी सातची होत आहे आणि त्या वेळेला मला रेडिंगच्या हॉस्पिटलात पोहोचवेल अशी बस नाही, हे कोजागिरीला भेटलेल्यांना ठाऊक आहेच. घरात गाडी एकच असून ती मुलांच्या शाळेसाठी लागते, त्यामुळे बरीच चर्चा होऊन अखेर दुचाकी घ्यायचे ठरले आहे. माझे बालपण आणि कॉलेज दादरला, म्हणजे लोकलमध्ये गेले. सायकल येते, स्कूटर कधीही चालवलेली नाही. उंची पाच फूट आहे. येथील गाडीचा परवाना दोन वर्षांपूर्वी मिळाला आहे.

प्रश्न एवढाच आहे की ऑटोमॅटिक स्कूटर घ्यावी की गिअरची मोटारसायकल, आणि ११० सीसी पुरेल की १२५ सीसीच घ्यावी? कृपया लवकर कळवावे.

अनघा

प्रेषक: श्रीधर, वोकिंगहॅम

चि. अनघा, अनेक आशीर्वाद.

मी या देशात दुचाकी चालवलेली नाही. परंतु कोथरूडला असताना बजाज चेतक अनेक वर्षे चालवली आहे, तेव्हा दोन शब्द लिहितो. गिअरचीच गाडी घे. डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक आणि सुरू होत नसेल तर गाडी एका बाजूला कलती करून मग किक, एवढे ज्याने केले आहे त्याला पुढे कोणतेही वाहन अवघड जात नाही. दुसरे असे की येथे दुचाकीची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो, हे मला आमच्या धाकट्याच्या वेळी समजले. एकदाच शिकायचे आहे तर पुरते शिकावे, असे माझे मत आहे.

श्रीधरकाका

प्रेषक: उल्हास, कॅव्हर्शम

काकांच्या मताशी मी सहमत आहे, पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा ताकदीचा आहे. मी रोज गाडीने ए३२९(एम) वरून जातो. सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर ट्रक आणि व्हॅन कशा धावतात हे मी पाहतो. तेथे ११० सीसीची स्कूटर घेऊन जाणे धोक्याचे आहे. घ्यायचीच असेल तर १२५ मधील सर्वांत दमदार गाडी घ्यावी. केटीएमची १२५ ड्यूक या वर्गाला मुभा असलेली पूर्ण ११ किलोवॅट ताकद देते आणि ती आपल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार होते, हाही एक आनंदाचा भाग आहे.

उल्हास

प्रेषक: स्मिता, अर्ली

अनघाताई, मी गेली काही वर्षे होंडा व्हिजन ११० ने कामावर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उल्हासदादांनी ज्या रस्त्याचा विचार केला आहे, त्या रस्त्यावर तुम्हाला जाताच येणार नाही. ए३२९(एम) हा मोटरवे आहे आणि सीबीटीच्या, म्हणजे शिकाऊ चालकांच्या सक्तीच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या, प्रमाणपत्रावर, शिकाऊपणाची लाल ‘एल’ची पाटी लावून चालवणाऱ्याला मोटरवेवर बंदी आहे, मग गाडी ११० ची असो वा १२५ ची. तुम्हाला जुन्या ए३२९ ने, म्हणजे वोकिंगहॅम, विनर्श, अर्ली करत वोकिंगहॅम रोडवरून सिमेट्री जंक्शनला येऊन लंडन रोडला लागावे लागेल. त्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ताशी तीस किंवा चाळीस मैलांची मर्यादा आहे. तेवढ्या वेगाला ११० सीसी भरपूर पुरते. आधी रस्ता ठरवावा आणि मग त्या रस्त्यासाठी गाडी निवडावी. आपल्याकडे नेमके उलटे होते आणि म्हणूनच वाद लांबतात.

उंचीबद्दल लिहायचे तर फक्त सीटच्या आकड्यावर जाऊ नका. व्हिजनचे सीट ७८५ मिलिमीटरवर आहे आणि होंडाच्याच पीसीएक्स १२५ स्कूटरचे ७६४ वर, म्हणजे कागदावर पीसीएक्स ठेंगणी. पण तिचे सीट रुंद आहे, त्यामुळे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात आणि जमिनीला फक्त चवडे टेकतात. शिवाय पीसीएक्स १३० किलोच्या आसपास भरते आणि व्हिजन १०० च्या आसपास. नवख्या माणसाचा तोल बहुधा गाडी चालू असताना जात नाही. पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना किंवा उतारावर थांबताना जातो, आणि त्या क्षणी हे तीस किलो फार जाणवतात. ड्यूक तर या दोन्हींपेक्षा उंच आहे. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला ती पहिली गाडी म्हणून सुचवावी असे मला वाटत नाही, मग ती चाकणची असली तरी.

स्मिता

प्रेषक: उल्हास, कॅव्हर्शम

स्मिता, ‘एल’च्या पाटीचा नियम मला माहीत आहे. मी पुढचा विचार करून लिहिले होते. सीबीटीचे प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. त्यानंतर पुन्हा तो दिवसभराचा वर्ग करा किंवा पूर्ण परीक्षा द्या. शहाणा माणूस परीक्षा देईल, आणि एकदा परवाना मिळाला की ए३२९(एम) मोकळा. मग आज ११० घेऊन दोन वर्षांनी विकण्यापेक्षा आजच योग्य गाडी घेणे स्वस्त पडते.

प्रेषक: स्मिता, अर्ली

परवाना मिळाला तरी त्या मोटरवेवर मी लहान स्कूटर घेऊन जाणार नाही. येथील मोठ्या ट्रकना ताशी ५६ मैलांवर वेगमर्यादक बसवलेला असतो आणि व्हिजनचा सर्वाधिक वेगही जवळपास तेवढाच आहे. याचा अर्थ तुम्ही ट्रकच्या पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही नीट राहू शकत नाही, सतत त्यांच्याच सोबतीने जावे लागते. १२५ ने पाच-सात मैलांचा फरक पडतो, चढावर आणि समोरच्या वाऱ्यात तोही उरत नाही. तेव्हा मोटरवेने जायचे असेल तर त्यासाठी मोठीच गाडी लागते आणि तो निर्णय नंतरचा आहे.

परीक्षेबद्दल काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याचा आजच्या खरेदीशी संबंध नाही. अनघाताई चोवीसच्या पुढच्या आहेत, त्यामुळे त्यांना थेट पूर्ण परवान्याची परीक्षा देता येते आणि ती प्रशिक्षण शाळेच्या मोठ्या, गिअरच्या मोटारसायकलवर देतात. घरची स्कूटर त्या परीक्षेला चालतच नाही. एवढेच काय, १२५ च्या लहान परवान्याच्या परीक्षेलाही गाडी किमान १२० सीसीची लागते, त्यामुळे माझी ११० तेथेही बाद होते. गाडीचा परवाना असला तरी मोटारसायकलची लेखी परीक्षा वेगळी द्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रेषक: सुनीता, हॅरो

इतरांच्या चर्चेत लक्ष घालते, क्षमस्व. यूलेझचा, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या वाहनांवरील लंडनच्या शुल्काचा, विचार कोणी केलेला दिसत नाही. ऑगस्ट २०२३ पासून ते संपूर्ण लंडनला लागू आहे आणि मोटारसायकल युरो ३ पातळीची नसेल, म्हणजे साधारण २००७ च्या आधीची असेल, तर दिवसाला साडेबारा पौंड पडतात. स्वस्त मिळते म्हणून जुनी गाडी घेऊ नये. शिवाय चोऱ्या फार आहेत.

प्रेषक: श्रीधर, वोकिंगहॅम

सुनीताताई, रेडिंगला यूलेझ नाही. लंडन मंडळाने आपले प्रश्न आमच्या मंडळाच्या ईमेल यादीवर आणण्याची ही पहिली वेळ नव्हे, परंतु चोरीचा मुद्दा मान्य.

स्मिताने ११० ची इतकी बाजू घेतली आहे, तर तिने थंडीबद्दलही लिहावे. चेतकला पुढे पत्रा होता, म्हणून पावसात गुडघे कोरडे राहत. मोटारसायकलवर ते सुख नाही, हे मी गिअरचा पुरस्कर्ता असूनही कबूल करतो.

प्रेषक: स्मिता, अर्ली

काका, तुम्ही अगदी नेमका मुद्दा काढलात. पहाटेच्या प्रवासाला स्कूटरच बरी, याचे खरे कारण तेच आहे. पायांपुढे आडोसा मिळतो, सीटखाली रेनकोट आणि डबा राहतो, आणि साखळी नसून आतमध्ये पट्टा असल्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती गंजण्याची चिंता राहत नाही. उघड्या साखळीच्या मोटारसायकलला त्या दिवसांत सतत पुसून तेल द्यावे लागते. सात ते सातची ड्यूटी करून आलेल्या माणसाकडून ते होत नाही. व्हिजनचे पुढचे चाक सोळा इंची आहे, त्यामुळे विनर्शकडच्या खड्ड्यांत ती अ‍ॅक्टिव्हासारखी आदळत नाही. पीसीएक्सला पुढे एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, आहे आणि व्हिजनला फक्त जोडब्रेक, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. ओल्या रस्त्यावर एबीएस निश्चितच सरस आहे. पीसीएक्सच्या बाजूने बोलायचे तर मी हा एकच मुद्दा वजनदार मानते. रस्त्यावर बर्फाचा पारदर्शक थर दिसला किंवा त्याचा संशय जरी आला, तर त्या दिवशी टॅक्सी करावी, तेथे कोणताही ब्रेक कामाचा नाही.

गिअरबद्दल माझे मत असे आहे की नवख्या माणसाने पहिले काही महिने रस्त्याकडे पाहावे, पायाकडे नव्हे.

प्रेषक: श्रीधर, वोकिंगहॅम

हे तुझे म्हणणे पटण्यासारखे आहे, तरीही मी माझे मत कायम ठेवतो.

अनघा, आमच्या सौ. येत्या रविवारी पुण्याहून निघत आहेत. हेल्मेट तेथे निम्म्या किमतीत मिळते. डोक्याचे माप कळवलेस तर घेऊन येतील.

प्रेषक: स्मिता, अर्ली

काका, काकूंना त्रास देऊ नका. आयएसआयचा शिक्का असलेले हेल्मेट येथे कायद्याने चालत नाही, ईसीई २२.०५ किंवा २२.०६ अथवा ब्रिटिश मानकाचा शिक्का लागतो. शिवाय हेल्मेट दुकानात जाऊन, डोक्यावर चढवून, गाल दाबले जातात का हे पाहूनच घ्यावे. सरकारच्या वाहतूक खात्याची शार्प नावाची तारांकन योजना २००७ पासून आहे, तीत त्या मॉडेलला किती तारे आहेत ते पाहून जावे. महागड्या हेल्मेटलाच जास्त तारे मिळतात असे मुळीच नाही.

प्रेषक: श्रीधर, वोकिंगहॅम

पुणेकराने आपणहून हेल्मेट देऊ केले, याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

प्रेषक: चिटणीस

सर्व सभासदांना नम्र सूचना अशी की ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. खरेदीविषयक विचारणांसाठी वेगळी यादी मागच्या वर्षी याच कारणासाठी सुरू केली होती आणि तेव्हा किती पत्रे आली होती ते सर्वांना आठवत असेलच. तथापि विषय सुरक्षिततेचा असल्याने यावेळी चर्चा थांबवत नाही.

व्यक्तिशः एक सांगतो. आधी सीबीटी करावी आणि मग गाडी घ्यावी. तो वर्ग शाळेच्या गाडीवर करता येतो. रस्त्यावरचा भाग किमान दोन तासांचा असतो आणि शिक्षकाचे समाधान झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. ज्यांनी कधीच दुचाकी चालवलेली नाही त्यांना कित्येकदा दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी गाडी आधी आणून ठेवली आणि ती अंगणात झाकून राहिली. तसेच गाडी पसंत करण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलच्या विम्याचा आकडा काढून पाहावा, कारण नवख्यांसाठी तो गाडीच्या किमतीइतकाच विचार करायला लावतो. विम्यात कामावर जाण्या-येण्याचा उल्लेख स्पष्ट असला पाहिजे.

चिटणीस

प्रेषक: अनघा, ब्रॅकनेल

सर्वांचे मनापासून आभार. येत्या शनिवारी सीबीटीसाठी नाव नोंदवले आहे, ऑटोमॅटिकवर. रस्ता जुनाच धरणार असल्यामुळे ११० च्या बाजूने मन झुकले आहे; मात्र एबीएसचा मुद्दा डोक्यातून जात नाही, म्हणून दोन्हींवर बसून पाहीन. एका सहकाऱ्याची तीन-चार वर्षे वापरलेली व्हिजन विकाऊ आहे. ती पाहताना काय विचारावे? आणि परतताना यांना स्टेशनवरून मागे बसवून आणता येईल का?

प्रेषक: स्मिता, अर्ली

‘एल’ची पाटी असेपर्यंत मागे कोणालाही बसवता येत नाही, त्यामुळे त्यांना चालत यावे लागेल.

जुन्या गाडीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिचा एमओटीचा, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास विनामूल्य दिसतो. गाडी तीन वर्षांची झाल्यावर ही तपासणी सुरू होते, आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचे मैल तेथे नोंदलेले असतात. मीटरवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. नोंदणीचा कागद विकणाऱ्याच्या नावावर आहे का, सांगाड्यावरचा क्रमांक त्याच्याशी जुळतो का आणि दोन्ही किल्ल्या आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. रस्त्याचा कर गाडीबरोबर येत नाही, तो तुम्हाला नव्याने भरावा लागेल. या आकाराच्या गाडीला तो वर्षाला पंचवीस-तीस पौंडांचा मामला आहे. हॉस्पिटलात गाडी लावताना कुलपाची साखळी चाकातून आणि जमिनीतल्या कडीतून घालावी, आणि ती जमिनीवर लोळत ठेवू नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की ती तोडणे सोपे जाते.

प्रेषक: उल्हास, कॅव्हर्शम

विनर्शच्या चौकात सकाळी वाहनांची लांब रांग असते. जुन्या रस्त्याने जायचे तर तेथे दहा मिनिटे जातील, हे कोणी सांगितले नाही. दुचाकी घेऊन रांगेत उभे राहायचे असेल तर दुचाकी कशाला?

प्रेषक: स्मिता, अर्ली

उल्हासदादा, थांबलेल्या रांगेच्या बाजूने हळू पुढे जाणे येथे कायदेशीर आहे, पण ते नवख्याने करायचे काम नाही. आपल्याकडे डावीकडच्या फटीतून पुढे काढायची सवय असते. येथे तसे केले तर डावीकडे वळणारी व्हॅन किंवा बसमधून उतरणारा माणूस आडवा येतो. जायचेच झाले तर रांगेच्या उजवीकडून, चालण्याच्या वेगाने आणि समोरून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवून जावे लागते. अनघाताईंनी पहिले काही महिने रांगेत उभे राहावे आणि घरून दहा मिनिटे आधी निघावे.