घरच्या नियमावर बांधलेला डेक: हुशारी की लबाडी?

कोरडवाहू (मूळ मुद्दा)

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून जवळच असलेल्या आमच्या गावात आम्ही पाच मित्र गेली दोन वर्षे 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. यात प्रत्येकाने आपल्या संग्रहातून निदान ६० पत्त्यांचा डेक बांधायचा असतो. त्यातले काही पत्ते 'लँड' असतात आणि लँडमधून मिळणारा 'माना' खर्च करूनच बाकीचे पत्ते खेळता येतात. सुरुवातीच्या सात पत्त्यांत लँड आलेच नाहीत, तर बहुतेक वेळा समोरच्याचा मार खात बसावे लागते.

अधिकृत नियमानुसार हात (म्हणजे सुरुवातीचे सात पत्ते) आवडला नाही तर पत्ते पिसून पुन्हा सात उचलता येतात, पण त्याची किंमत म्हणून त्यातला एक पत्ता डेकच्या तळाशी ठेवावा लागतो. २०१९ पासून हीच पद्धत आहे. आम्ही ही किंमत माफ केली. आमच्यातला सर्वांत लहान, अकरावीतला मुलगा, एका संध्याकाळी लागोपाठ दोन डाव लँडविना बसला आणि न बोलता पत्ते डब्यात भरून निघून गेला, म्हणून पहिल्यांदा पुन्हा उचलणे फुकट, असे आम्ही ठरवले.

दिवाळीनंतर एका मित्राने नवा डेक आणला. आम्ही बाकीचे ६० पत्त्यांत २४ लँड ठेवतो, त्याने १८ ठेवले आणि उरलेल्या सहा जागांवर थोड्या मानात खेळता येणारे हल्लेखोर पत्ते भरले. तेव्हापासून तो जवळजवळ हरलेलाच नाही. माझे म्हणणे असे की, जो नियम दयेपोटी केला त्याच्या भरवशावर डेक बांधणे ही हुशारी नसून लबाडी आहे.

आकडेमोड

कोरडवाहू भाऊ, तुमच्या मित्राने फक्त हिशेब केला आहे आणि तो बरोबर आहे. ६० पत्त्यांत २४ लँड असतील तर पहिल्या सात पत्त्यांत शून्य किंवा एकच लँड येण्याची वेळ शंभरात सुमारे १४ वेळा येते. लँड १८ केले की हाच आकडा ३१ वर जातो, म्हणजे धोका दुपटीहून अधिक होतो. अधिकृत नियमाने खेळताना असा डेक बांधणारा माणूस डाव मांडण्याआधीच अर्धा अडचणीत असतो. मात्र एकदा फुकट उचलायला मिळाले, की लागोपाठ दोन्ही हात तसेच निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम १० उरते. तुमच्या नियमाने त्याचे १८ लँड हे नियमाविनाच्या २४ लँडपेक्षा सुरक्षित झाले, शिवाय सहा कामाचे पत्ते वर मिळाले.

विहिरीला पाणी लागल्यावरही जो कोरडवाहूचेच वाण पेरतो, त्याने शेजाऱ्याच्या ओलिताच्या पिकाकडे बोट दाखवू नये. (आपण घेतलेल्या नावावरून हे सुचले, राग मानू नये.)

मेंढीकोटवाला

आकडेमोड यांचा हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. विदर्भात घरचे नियम नवे नाहीत. मेंढीकोटच घ्या: कुठे बंद हुकमाने खेळतात, कुठे कट हुकमाने, आणि लग्नघरी दोन गावचे पाहुणे एकत्र बसले की पहिली पंधरा मिनिटे याच वादात जातात. पण तिथे नियम कोणताही ठरो, ५२ पत्त्यांचा जोड एकच असतो आणि तो चौघांत सारखा वाटला जातो, त्यामुळे नियमाचा लाभ आणि तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो.

तुमच्या खेळात प्रत्येकजण आपला जोड घरून बांधून आणतो, आणि हा फरक लहान नाही. इथे नियम बदलला की लाभ त्यालाच होतो, ज्याच्याकडे डेक नव्याने बांधण्यापुरते पत्ते, पैसे आणि सवड आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाला सवड असते, हे मी सांगायला नको. म्हणून घरचा नियम करायचाच तर तो कोणत्या तारखेपासून लागू होईल हेही ठरवावे आणि तोवर सगळ्यांना डेक बदलण्याची मुभा व वेळ द्यावा. तुमचा मित्र लबाड नाही, पण सामना बरोबरीचा होता असेही म्हणता येत नाही.

पुस्तकातला नियम

मला ही सगळी चर्चाच अनावश्यक वाटते. अधिकृत नियम उपलब्ध असताना दयेपोटी त्यात ठिगळे लावली की असेच होते. मी स्वतः तीन वर्षे गावात अशाच सवलतींनी खेळून नागपुरात एका दुकानातल्या छोट्या स्पर्धेला गेलो. माझ्या डेकमध्ये १९ लँड होते. पहिल्या फेरीत एकच लँड आला, पुन्हा उचलल्यावर पुन्हा एकच आला आणि तिसऱ्या खेपेला सातातले दोन पत्ते तळाशी ठेवून पाच पत्त्यांवर डाव सुरू करावा लागला. बसभाड्याचे पैसे वाया गेले, याहून मला जास्त लागले ते हे, की तीन वर्षांत मी जो खेळ शिकलो तो ओसरीबाहेर कुठेच चालत नव्हता.

संत्र्याचा मृगबहार

पुस्तकातला नियम यांना विचारावेसे वाटते, की कोणत्या वर्षीचे पुस्तक? १९९३ च्या मूळ नियमांत डेक ४० पत्त्यांचा चालत असे आणि एकाच पत्त्याच्या किती प्रती ठेवाव्यात याला बंधन नव्हते. चार प्रतींची मर्यादा आणि ६० पत्ते हे स्पर्धांच्या नियमांबरोबर नंतर आले. सुरुवातीला तर प्रत्येकाने डेकमधला एक पत्ता पणाला लावावा आणि जिंकणाऱ्याने तो कायमचा घरी न्यावा, असाही नियम होता. तो आज कोणी पाळत नाही, आणि पाळला असता तर आमच्या वरुडकडच्या घरांतून हे पत्ते जुगार म्हणून केव्हाच चुलीत गेले असते.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. आज ज्याला 'कमांडर' म्हणतात, १०० पत्ते, मूळ लँड सोडले तर एकाही पत्त्याची दुसरी प्रत नाही आणि सुरुवातीला ४० प्राण (ते संपले की खेळाडू हरतो), तो प्रकार अलास्कातल्या हौशी खेळाडूंच्या मंडळीत घरच्या नियमांतूनच घडला. कंपनीने त्यासाठी खास डेक काढले ते २०११ साली. ओसरीवरचे नियम पुस्तकात जातात ते असे.

आता कोरडवाहू यांना एक प्रश्न. तुम्ही दोघे-दोघे खेळता की पाचही जण एकत्र? कारण दोनाहून अधिक खेळाडू असले तर पहिल्यांदा पुन्हा उचलणे अधिकृत नियमातही फुकटच आहे.

कोरडवाहू

मृगबहार, हे मला खरोखर ठाऊक नव्हते आणि वाचून थोडा ओशाळलो. आम्ही बहुधा दोघे-दोघे खेळतो. वीज गेली की मात्र एकाच कंदिलाभोवती पाचही जण बसतात. म्हणजे अंधारात त्याचा डेक पुस्तकानुसार निर्दोष आणि उजेडात वादग्रस्त, असा विचित्र प्रकार झाला.

अठरा लँडवाला

ज्याच्याविषयी एवढे लिहिले गेले तो मीच. एक चूक कबूल करतो: मी लँड कमी केल्याचे कोणाला सांगितले नाही, दोन महिने गुपचूप जिंकत राहिलो. पण नियम बदलला त्या रात्री मी सगळ्यांसमोर विचारले होते, की आता डेकही बदलायचे का. तेव्हा कोरडवाहू भाऊच म्हणाला होता, "असू दे ना बाप्पा, पोराची समजूत निघन एवढंच." त्याचा डेक विकत घेतला तसाच आहे, दोन वर्षांत त्याने त्यातला एक पत्ता हलवलेला नाही. नियमाचा विचार न करता बांधलेला डेक प्रामाणिक आणि विचार करून बांधलेला लबाड, हे मला पटत नाही.

तरी तोडगा सुचवतो. हात सगळ्यांना दाखवावा आणि त्यात शून्य, एक, सहा किंवा सात लँड असतील तरच फुकट उचलावे. साधा वाईट वाटला म्हणून टाकता येणार नाही.

आकडेमोड

मी तुमच्या बाजूचा आहे, पण हा तोडगा तुमच्याच फायद्याचा आहे. तुमचा डेक अडतो तो शून्य-एक लँडवरच, आणि तुम्ही सवलत मागताय तीही नेमकी त्याच हातासाठी. फरक पडायचा तर अट हातावर नको, डेकवर हवी.

कोरडवाहू

मग असे करू. ज्याच्या ६० पत्त्यांत निदान २२ लँड असतील त्यालाच फुकट उचलता येईल. त्याहून कमी ठेवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना राहील, पण त्याने पुस्तकाप्रमाणे एक पत्ता तळाशी ठेवावा. मेंढीकोटवाला यांचे म्हणणे मानून हे पुढच्या महिन्यापासून लागू करू आणि तोवर आपल्याकडचे जादा पत्ते ओसरीवर मांडू. ज्याला जे हवे ते त्याने बदलून घ्यावे.

अठरा लँडवाला

मला मान्य आहे. फक्त अकरावीतल्या आपल्या गड्याचे काय करायचे ते आधी ठरवा. त्याच्या हिरव्या डेकमध्ये 'ल्लानोवार एल्व्ह्ज'च्या चार प्रती आहेत, त्या लँडसारखाच माना देतात, आणि म्हणून परवाच मी त्याला लँड २० वर आणायला सांगितले. ज्याच्यासाठी नियम केला, तोच आता नियमाबाहेर जातो आहे.