'डार्क'चा पाचवा भाग पाहून अडकलेय, पुढचं न फोडता मदत कराल का?

आधीच सांगते, 'डार्क' या जर्मन मालिकेच्या पहिल्या सीझनच्या पाचव्या भागापर्यंतचं सगळं खाली उघड लिहिलंय. पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.

काल रात्री हा भाग संपला आणि मला झोप लागली नाही. १० भागांच्या सीझनच्या ऐन मध्यावर मालिकेचा नायक योनास याच्या हाती वडिलांचं पत्र पडतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुहेपाशी हरवलेला ११ वर्षांचा मिकेल १९८६ सालात पोचला, तिथेच वाढला आणि मिखाएल झाला. म्हणजे योनासचा बाप!

मी वही घेऊन नाती मांडायला बसले. मार्ता मिकेलची बहीण, म्हणजे योनासची सख्खी आत्या. ज्या मुलीवर जीव जडलाय ती आत्या! मिकेलचे वडील उल्रिश म्हणजे आजोबा, आई कातारीना म्हणजे आजी. आणि हाना, योनासची आई, तिचे संबंध उल्रिशशी, म्हणजे स्वतःच्या सासऱ्याशी. 'सासरे' हा शब्द लिहिला आणि पेन खालीच ठेवलं. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नाही.

मग पहिला भाग पुन्हा लावला. सकाळी न्याहारीच्या टेबलावर मिकेल पेल्याची जादू दाखवतो आणि वडिलांना सांगतो, की प्रश्न 'कसं' हा नाहीच, 'कधी' हा आहे. पहिल्यांदा पाहताना मी ते पोराचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. त्याच रात्री गुहेपासून पळताना तो योनासच्या सोबत असतो आणि हरवतो. आपल्याच बापाला आपण हरवलं, हे योनासला आता कळतंय. इथे मला रडू आवरेना.

आता खरी अडचण. मिखाएलने २१ जूनला गळफास घेतला आणि पाकिटावर लिहून ठेवलं, की ४ नोव्हेंबरच्या रात्री १०:१३ च्या आधी उघडू नये. म्हणजे मिकेल कधी जाणार हे त्याला मिनिटासकट ठाऊक होतं. मग त्याने त्या पोराला, म्हणजे स्वतःलाच, अडवलं का नाही? मला वाटतं, अडवलं असतं तर योनास जन्मलाच नसता, म्हणून तो गप्प राहिला. पण तेवढ्यासाठी जीव का द्यायचा? हे काही केल्या पटत नाही.

याचं उत्तर मालिका पुढे देते का? फक्त हो किंवा नाही एवढंच सांगा, कसं ते नको. 'हो' असेल तर मी आजच सहावा भाग लावते.

आणखी एक. इनेसने १९८६ मध्ये नर्स म्हणून मिकेलला हॉस्पिटलात पाहिलं होतं, त्याला वाढवलंही तिनेच. मग २०१९ मध्ये गावात तोच चेहरा वाढताना तिला दिसला नसेल? की माझ्या नजरेतून एखादा प्रसंग निसटलाय? पाचव्या भागाच्या आतलाच असेल तर भाग क्रमांक सांगा, पुन्हा बघेन.

आणि नात्यांचा तक्ता कुणी भागागणिक ठेवला असेल तर पाचव्यापर्यंतचाच द्या. शोधायला गेले की थेट शेवटपर्यंतचे तक्ते समोर येतात, त्या भीतीने मी शोधणंच थांबवलंय.