नेमून दिलेले काम आणि दोन वरिष्ठांचे आदेश
कर्मचारी आपले काम सोडून भलत्याच कामात गुंततात, म्हणून दैनंदिन नोंदवही सक्तीची करावी, अशी एक सूचना केली जाते; ती मला अपुरी वाटते. कारण पुष्कळदा तो कर्मचारी टाळाटाळ करत नसून दुसऱ्याच वरिष्ठाने परस्पर सांगितलेले काम करत असतो. आंरी फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत, प्रत्येकाला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळावेत, हे एक तत्त्व आहे. आमच्या विभागात बाहेरची प्रत्येक मागणी थेट त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वरिष्ठाकडेच जाते, आणि नवे काम सोपवताना हातातले कोणते थांबवायचे हेही त्यानेच लेखी कळवायचे असते. यामुळे कर्मचाऱ्यांची ओढाताण थांबलीच, शिवाय हाताखालच्यांची कामे स्वतः उरकत बसणारे व्यवस्थापकही आपल्या मूळ जबाबदारीकडे वळले.