भाड्याच्या घरात ई-कारचं चार्जिंग: घरमालकाला नाही म्हणता यावं का?

तिसरा मजला
भाडेकरू स्वतःच्या खर्चाने पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला तयार आहे, वीज सब-मीटरवर मोजली जाणार आहे, तर ठोस कारणाशिवाय घरमालकाने नकार देऊ नये. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला ही मागणी करण्याचा कायदेशीर हक्क आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१५ पासूनच्या भाडेकरारांना तशीच तरतूद लागू आहे, आणि खर्च भाडेकरूनेच करायचा आहे. फुकट कोण मागतंय? शिवाय रोजच्या वापराला मोठा चार्जर लागतच नाही. १० अँपिअरवर रात्रभर, म्हणजे दहा तास लावली तर २३ युनिट. छोटी गाडी तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज जाते.

चावीवाला
उदाहरण अर्धंच दिलंत साहेब. कॅलिफोर्नियाच्या त्याच कायद्यातून पाचपेक्षा कमी गाड्यांचं पार्किंग असलेल्या जागा वगळल्या आहेत. माझ्यासारखा एक-दोन घरं भाड्याने देणारा बहुधा त्यातच बसतो. तुम्ही उद्या घर सोडाल. भिंतीची भोकं आणि वाढवलेला मंजूर भार माझ्या गळ्यात.

तिसरा मजला
मग अनामत वाढवून घ्या. आणि गळ्यात कसला? केबल तुमच्याकडेच राहते, पुढच्या भाडेकरूला दाखवायला बरी.

पेट्रोलच बरं
घराचा भरवसा नाही त्याने ही गाडी घ्यावीच कशाला? बाहेर फास्ट चार्जर आहेत की.

तिसरा मजला
आहेत, पण ८० टक्क्यांनंतर त्यांचाही वेग पडतो, आणि रांगेत उभं तुम्ही राहणार का?

फेज-न्यूट्रल
वायरिंगची कामं करतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघं खर्चावर भांडताय, मला धास्ती आहे ती परवानगी मिळेपर्यंत खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेंशनची. गीझर तापला की बंद होतो. गाडी तासन्‌तास सलग करंट ओढते. सॉकेटमधला जोड जरा सैल असला की तिथेच तापतं, प्लगचं प्लॅस्टिक वितळतं. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १५ वरून १० अँपिअरवर आणलं तर ती निम्म्याहून कमी होते. गुंडाळलेलं एक्स्टेंशन तर वापरूच नका. मीटरपासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), चांगलं अर्थिंग हवंच. अर्थिंग नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत. मग लोक अर्थिंगला बगल देणारे प्लग शोधतात, त्यांना काय म्हणावं! आरसीसीबीसुद्धा, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, विचारून घ्या. जुन्या 'एसी' प्रकारच्या आरसीसीबीला डीसी करंटची (एकाच दिशेने वाहणाऱ्या, बॅटरीसारख्या) गळती कळत नाही.
आता चावीवाल्यांना सांगतो: तुम्ही नाही म्हणालात म्हणून गाडी चार्ज व्हायची थांबत नाही. ती त्याच खिडकीतून होते, तुमच्याच जुन्या वायरिंगवर.

चावीवाला
हा मुद्दा पटला, खर्चाचा नाही. माझ्या अटी: काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, त्याचा तपासणी अहवाल लेखी, जाताना चार्जर तुमचा, केबल माझी. पण वरच्या मजल्याच्या भाडेकरूनेही मागितलं तर? इमारतीचा भार एकाच गाडीपुरता आहे.

फेज-न्यूट्रल
भार वाटून घेणारे चार्जर मिळतात. दोन्ही गाड्या लावल्या की करंट विभागतो, एक भरली की दुसरीला पूर्ण मिळतो.

चावीवाला
आणि त्याचा जादा खर्च पहिल्याने करायचा की दुसऱ्याने?

तिसरा मजला
दुसऱ्याने. मी आधी मागितलंय.